टोपलीवाला अजून गेला नाही

मायाक्काच्या घरापुढून रोज संध्याकाळी सतरा सायकली जात. सोळा नाही की अठरा नाही, सतरा. हा आकडा अख्ख्या चिंचोळी एमआयडीसीत तिच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हता. ठाऊक असायचं कारणही नव्हतं. ज्याच्या बुडाखाली मोटारसायकल आहे तो सायकलवाल्याला खिजगणतीत धरत नाही, आणि सायकलवाला स्वतःला कशाला मोजत बसेल?

एमआयडीसीच्या मागच्या अंगानं एक रस्ता गावाकडं जातो. हायवेवरच्या ट्रकांना भिऊन सायकलवाले हाच धरतात. त्यावर एकेकाळी डांबर होतं असं जुने लोक सांगतात. आपण विश्वास ठेवायचा. ओढ्यावरच्या मोरीच्या अलीकडं, रस्त्यापासून वीस-पंचवीस पावलं आत, पत्र्याचं एक घर आहे. ते मायाक्काचं. जागा घेताना नवरा म्हणाला होता, पाच वर्षांत बघ कशी वस्ती होती हितं. वस्ती काही झाली नाही, आणि नवरा मात्र काविळीचं निमित्त होऊन गेला. त्याला सात वर्षं झाली. पोरबाळ नव्हतं. माहेर अक्कलकोटच्या पलीकडं, कन्नड बोलणारं. तिथं भाऊ होता, भावजय होती, आणि तिसऱ्या दिवशी भावजय गोड आवाजात विचारायची, सुट्टी किती दिवसांची काढलीय म्हणून. मायाक्काला इशारा कळायचा. ती पिशवी भरायला घ्यायची.

कामाला ती शिलाईच्या एका शेडमध्ये होती. सोलापुरात युनिफॉर्म शिवणारे ढीगभर आहेत; हे शेड सेफ्टी जाकिटं शिवायचं. रस्त्यावर काम करणारे घालतात ती, नारिंगी, छातीपाठीवर रुपेरी पट्ट्या असलेली. मायाक्का सुरुवातीला चेकिंगला होती. शेडमागची एक खोली पार काळोखी केलेली. तिथं जाकीट टांगायचं, बॅटरी कपाळाला टेकवून धरायची आणि पट्टी सगळीकडं सारखी पेटते का ते बघायचं. कपाळालाच का, हे मुकादम शिवराजनं तिला पहिल्या दिवशी समजावलं होतं. ही पट्टी उजेड इकडंतिकडं सांडत नाही, जिकडून आला तिकडंच परत धाडते. तेव्हा उजेड आणि डोळे एका जागी पाहिजेत. बाजूला उभ्या असलेल्या बाईला तीच पट्टी राखाडी चिंधीसारखी दिसणार.

पुढं ती मशीनवर बसली, पण ही गोष्ट डोक्यात राहून गेली.

साडेपाचला शेड सुटायचं, पावणेसहापर्यंत ती घरी. घरी करायला काही नसायचं. एका बाईचा स्वयंपाक तो केवढा. ज्वारीच्या दोन भाकरी थापल्या की हात मोकळे, आणि मोकळे हात एकट्या माणसाला खायला उठतात. टीव्ही होता, पण टीव्हीतली माणसं एकमेकांशीच बोलतात. मग ती खिडकीत बसायची. साडेसहाला कारखाने सुटायचे तोवर हिवाळ्यात अंधार पडलेला. चेनची कुरकुर ऐकू यायची, आणि दिसायचे नुसते काळे गठ्ठे. कोण गेला, कोण राहिला, काही पत्ता नाही. एवढी माणसं आपल्या घरापुढून जातात आणि एकही दिसत नाही, हे तिला एका संध्याकाळी फार लागलं. रडूच आलं म्हणा ना.

दुसऱ्या दिवशी तिनं शिवराजकडं पट्टीची कात्रणं मागितली.

"न्या की," शिवराज म्हणाला. "कचराच हाय त्यो."

आसपासच्या कारखान्यांतल्या सायकली एका मोठ्या कडुलिंबाखाली लावलेल्या असत. जेवणाच्या सुट्टीत बायका डबे उघडायच्या आणि मायाक्का पाय मोकळे करायला म्हणून निघायची. पिशवीत कात्रणं, कात्री, आणि पंक्चरवाल्याकडून आणलेली, चिकटवायच्या सुलोचनची ट्यूब. रोज दोन सायकली. दोन सायकलींना एकसारखं मात्र तिनं कधीच लावलं नाही. एकाच्या चाकातल्या तारेला एकच पट्टी, ती गरगर फिरायची. त्याचं नाव तिनं भिंगरी ठेवलं. एकाच्या फक्त पायडलांना, ती वरखाली व्हायची, तो नाचरा. एकाच्या चेनकव्हरवर तिनं मासा कापून चिकटवला होता. परोपकार वगैरे तिच्या मनात नव्हता, हे सांगून टाकलेलं बरं. टेम्पोवाल्यांना अंधारात सायकली दिसायला लागल्या, चांगलंच झालं. पण पट्ट्या तिनं स्वतःसाठी लावल्या होत्या. तिला माणसं ओळखू यायला हवी होती.

सायकलवाल्यांना वाटलं, सुरक्षा सप्ताहात कंपनीनं लावल्या. कुठल्या कंपनीनं, तर प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याच्या. कंपनी एवढी मायाळू कधीपासून झाली, हा प्रश्न कुणालाच पडला नाही.

मग तिच्या संध्याकाळी भरून गेल्या. घरातला दिवा मालवायचा, खुर्ची खिडकीला लावायची, बॅटरी कपाळाला. चेनचा आवाज आला की बटण दाबायचं आणि सोडायचं. ओंदू. एरडू. मूरू. मोजताना तिची मराठी गळून पडायची आणि माहेरचे आकडे तोंडात यायचे. भिंगरी गेला. मासा गेला. नाचरा आज उशिरा, बहुतेक हवा कमी आहे. रस्त्यावरच्यांना खिडकीतला उजेड क्षणभर दिसायचा, पण एकटी बाई कुत्रं हाकलत असेल, एवढाच त्यांनी त्याचा अर्थ लावला होता. त्यांतल्या एकाशीही ती कधी बोलली नव्हती.

सगळ्यांत शेवटी यायचा टोपलीवाला. हा जालिंदर, पशुखाद्याच्या कारखान्यात पोत्यांची तोंडं शिवणारा, पन्नाशी ओलांडलेला. त्याची सायकल लेकीची होती. लेक पुण्याला नर्स झाली, सायकल मागं राहिली, आणि हा गडी पुढं टोपली असलेली गुलाबी सायकल चालवत कामाला यायचा. लोक हसायचे. तो निवांत टोपलीत डबा ठेवायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. तो एकटाच असतो, हे मायाक्काला लिंबाखालच्या गप्पांतून कळलं होतं. टोपलीच्या काठाला तिनं सगळीकडून पट्टी गुंडाळली होती. अंधारातून एक रुपेरी कडं तरंगत यायचं आणि तरंगत जायचं. हदिनेळू, म्हणजे सतरा. तो गेला की ती दिवा लावायची आणि झाकलेली भाकरी उघडायची. सतरा माणसं घरच्या वाटेला लावून मग जेवणारी बाई एकटी कशी म्हणायची, असं ती स्वतःला सांगायची. पुरतं पटायचं नाही, पण घास उतरायचा.

जानेवारीतल्या एका मंगळवारी मोजणी हदिनारूवर, म्हणजे सोळावर, थांबली.

सात वाजले. सव्वासात झाले. दुपारी तिनं गुलाबी सायकल लिंबाखाली बघितली होती, म्हणजे रजा नाही. पशुखाद्याचा भोंगा वेळेवर वाजला होता, म्हणजे ओव्हरटाइम नाही. हायवेनं गेला असेल? इतक्या दिवसांत कधी गेला नाही तो आजच कशाला जाईल? तिनं भाकरीवरचं झाकण काढलं आणि परत ठेवलं.

टोपलीवाला अजून गेला नाही. एवढीच बातमी, आणि ती जगात फक्त तिला माहीत. त्याच्या दारात वाट बघणारं कुणी नव्हतं. कुठं पडला असेल तर उद्या सकाळी कारखान्यात कुणीतरी म्हणेल, आज दांडी मारली वाटतं. तेवढ्यावर भागेल. थंडी तर अशी पडली होती की पत्रा हाताला बोचत होता.

तिनं शिवराजला फोन लावला.

"शिवराज, त्ये पशुखाद्यातले जालिंदर हायत न्हवं, त्ये अजून घरला गेले न्हाईत."

"बरं. मग?"

"पडलेबिडले असतील. रस्ता लई खराब हाय."

"गेले न्हाईत म्हणून कुणी सांगितलं तुमाला?"

मायाक्कानं खिडकीकडं बघितलं.

"का तुमी रस्त्यावर बसलाय मोजत?" शिवराज हसत म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं. तो जेवायला बसला होता आणि त्याला गंमत वाटली, इतकंच.

"न्हाय, असंच," म्हणून तिनं फोन ठेवला.

तिचे कान तापले. एकटी बाई घरातला दिवा मालवून बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्या गड्यांवर बॅटरी मारते. हे वाक्य शेडमध्ये कुठल्या सुरात म्हटलं जाईल, ते तिला आत्ताच ऐकू येत होतं. एकदा कळलं की पट्ट्या निघणार, खिडकी बंद होणार, आणि सतरा माणसं परत काळे गठ्ठे होणार. दिवसभरात तिचं म्हणावं असं तेवढंच होतं. ती पाच मिनिटं भिंतीला टेकून उभी राहिली. ती पाच मिनिटं तिनं स्वतःला पुढं कधी माफ केली नाहीत.

मग तिनं शाल घेतली, बॅटरी घेतली, आणि एमआयडीसीकडं चालायला लागली.

वळणावर एक टेम्पो आला तो थेट अंगावरच. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला आणि मान बाहेर काढली. "ओ बाई, मरायचंय का? काळी शाल पांघरून फिरताय अंधारात. काय दिसताय का तुमी?"

टेम्पो निघून गेला. दिवसाला चाळीस जाकिटं शिवणाऱ्या बाईच्या अंगावर बोटभर पट्टी नव्हती, आणि ती असावी असं इतक्या वर्षांत तिच्या मनातही आलं नव्हतं. तिला कुणी बघायचं म्हटलं तर कोण बघणार होतं?

तिनं बॅटरी कपाळाला टेकवली, चेकिंगच्या खोलीत टेकवायची तशी, आणि पावलापावलाला डावीउजवीकडं बघत निघाली. उजवीकडं पाण्याच्या पाइपासाठी कुणीतरी चर खणून ठेवला होता आणि बुजवायचं राहून गेलं होतं. कडेला वेडी बाभळ माजलेली. दोनशे पावलं गेली असेल नसेल, बाभळीच्या काट्यांआड, खाली, एक रुपेरी कडं पेटलं.

"जालिंदरदादा," तिनं हाक मारली.

"हाय," खालून आवाज आला. "हितं हाय. पाय गेलाय बघा माझा."

समोरून आलेल्या गाडीच्या उजेडानं डोळे दिपले आणि चाक चरात गेलं, असं त्यानं सांगितलं. फोन मातीत कुठंतरी पडला होता. तीन मोटारसायकली वरून गेल्या. त्यानं हाका मारल्या, पण इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू येणार? मायाक्का बसून, घसरत चरात उतरली. तिनं शाल त्याच्या अंगावर टाकली. त्याचे दात वाजत होते. मग तिनं परत फोन लावला.

"शिवराज, जालिंदरदादा चरात पडलेत. पाय मोडलाय. गाडी घिऊन या."

"अरं देवा. तुमाला कसं घावले पण?"

"मी रोज मोजती," मायाक्का म्हणाली. "सगळ्यांच्या सायकलींना पट्ट्या मीच लावल्यात. सतरा जणं जातात. आज सोळाच गेले. तुमी या लवकर."

तिनं फोन ठेवला.

"म्हंजे ती बॅटरी..." जालिंदर म्हणाला.

"व्हय."

"मला वाटायचं कुत्रं हाकलताय."

"कुत्रं न्हाय माझ्याकडं."

तो हसायला गेला आणि कळवळला. मग म्हणाला, "मी कितवा असतो?"

"शेवटचा. तुमी गेला की मी जेवती."

हे तिच्या तोंडून निसटलं, आणि परत घेता येईना. जालिंदरनं शाल गळ्यापर्यंत ओढून घेतली. तो म्हणाला, "मला काय ठाव. घरी वाट बघणारं कोण न्हाई म्हणून मी आपला रेंगाळत यायचो. ठाव असतं तर लवकर आलो असतो."

मायाक्कानं बॅटरी बंद केली, सेल वाचवायला म्हणून. अंधारात डोळे पुसलेले कुणाला दिसत नाहीत.

शिवराज अर्ध्या तासानं पिकअप घेऊन आला. जालिंदरच्या पायात सळी बसली आणि पुण्याहून लेक येऊन त्याला घेऊन गेली. मायाक्काच्या वाट्याला आलं ते ठरल्यासारखंच आलं. "मायाक्का, आमचे मालक कितव्या नंबरला जातात गं?" शेजारच्या मशीनवरच्या बजाबाईनं भर शेडमध्ये विचारलं आणि मशिनी थांबवून बायका हसल्या. कुणी वाईट बोललं नाही. एकीनं तर पाठीवर हात ठेवला, देवासारखी धावलीस म्हणाली. पण आठवड्यात लिंबाखालच्या नऊ सायकलींवरच्या पट्ट्या गेल्या. माशाची पट्टी पात्यानं खरवडली होती, खालचा रंगही निघाला होता. आपल्यावर कुणी रोज नजर ठेवतं, हे माणसाला आवडत नाही. आणि ती ठेवणारी एकटी बाई असली तर घरच्या बायकोलाही आवडत नाही. मायाक्काला हे कळत होतं, म्हणून धड रागही धरता येईना.

तिनं खिडकी लावून घेतली. आता ती घरी आल्या आल्या जेवून घ्यायची. भाकरी गरम असायची, एवढाच काय तो फायदा. मग आडवी पडून चेनचे आवाज ऐकायची, आणि ओंदू म्हणायच्या आत कूस बदलायची.

दिवाळी होऊन गेली. एका संध्याकाळी सातच्या सुमाराला बाहेरून आवाज आला, "घरात हाय का कुणी?"

तिनं दिवा लावला. दारात जालिंदर. एका हातात काठी, दुसऱ्या हातानं गुलाबी सायकल धरलेली.

"दोनदा पुढं जाऊन माघारी आलो," तो म्हणाला. "घरच दिसंना. दिवा लावत न्हाई का तुमी?"

"ऱ्हातो कवाकवा लावायचा. आत या की."

तो आत आला नाही. पायरीच्या दगडावर बसला. तिनं पाणी दिलं. पुण्याला लेकीकडं करमेना, असं त्यानं सांगितलं. लेकीची ड्यूटी, तो दिवसभर कुलूप लावलेल्या घरात. कालपासून पुन्हा कामावर यायला लागला होता.

"काल हितनं गेलो," तो म्हणाला. "बॅटरी लागली न्हाई. वाटलं गावाला गेलाय."

"लोकांना न्हाई आवडत त्ये."

"लोकांचं लोकांपाशी." तो काठीनं मातीत रेघा ओढत बसला. "त्या दिवशी चरात पडल्या पडल्या मी धरूनच चाललो हुतो, की आपलं कुणाला कळणार न्हाई. सकाळपतूर तरी न्हाई. मग तुमी आला. पुण्याला पडून पडून मी एकच इचार केला बघा. तुमी आमाला मोजता. तुमाला कोण मोजतं?"

मायाक्कानं पदर सारखा केला.

"तुमीच एक दिवस उठला न्हाई, तर?"

याचं उत्तर तिच्याकडं होतं. तिनं ते कितीतरी वेळा मनाशी म्हटलं होतं, पण दुसऱ्याच्या तोंडून प्रश्न पहिल्यांदाच आला होता. तिनं पाण्याचा रिकामा तांब्या उचलला.

"एक पट्टी द्या," जालिंदर म्हणाला.

सायकलची सुटली असेल म्हणून तिनं पिशवीतून कात्रण आणि सुलोचन आणून दिलं. तो काठी टेकत खिडकीपाशी गेला आणि बाहेरच्या अंगानं मधल्या गजाला त्यानं ती पट्टी गुंडाळली. तिरकी गुंडाळली. शिवणाऱ्या हाताला ती सरळ करावीशी वाटली, पण तिनं तशीच राहू दिली.

दुसऱ्या दिवशी भाकरी झाकून ठेवून तिनं खिडकी उघडली. दिवा मालवला, खुर्ची ओढली. बॅटरी मांडीवर होती, ती उचलायचा धीर होईना. सायकली गेल्या. भिंगरी असेल, नाचरा असेल, आता काय सांगता येणार. नुसते काळे गठ्ठे. ती आवाजांवर मोजत राहिली. हदिनारूनंतर बराच वेळ काहीच आलं नाही.

मग चेनची कुरकुर आली. मोरीपाशी येऊन थांबली. अंधारात एक बॅटरी लागली, माणसाच्या कपाळाच्या उंचीवर, आणि तिचा झोत खिडकीवर स्थिर झाला. मायाक्कानं डोळे बारीक केले. गजावरची पट्टी तिच्या हातभर अंतरावर होती. तिला ती राखाडी चिंधीसारखीच दिसत होती, जशी दिसायची तशी. चमक बॅटरीमागच्या माणसाला दिसत होती.

"एक," अंधारातून मोठ्यानं आवाज आला.

बॅटरी विझली आणि सायकल पुढं निघाली. मायाक्कानं उठून दिवा लावला आणि भाकरीवरचं झाकण काढलं.